खाकी कव्हरावरचा पांढरा खडू

जूनचा दुसरा आठवडा आला की नांदेडात वजिराबादला आणि लातुरात गंजगोलाईत वह्यांच्या दुकानांपुढे उभं राहायला जागा नसायची. शंभर पानी, दोनशे पानी, लहान लेकरांना दुरेघी आणि चौकटीची. गव्हाच्या पिठाची खळ शिजायची आणि संध्याकाळी सगळं घर कव्हरं घालायला बसायचं. माझं माहेर लातूरचं, सासर नांदेडचं. अहमदपूर-लोह्यावरून जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही टोकांना ही संध्याकाळ सारखीच होती, हे लग्नानंतर नणंदांशी बोलताना कळलं.

कव्हर कशाचं, ते घरावर ठरायचं. नोकरदाराकडे खाकी कागद यायचा. कुणाकडे ‘सोव्हिएत देश’ची गुळगुळीत पानं असत. बऱ्याच घरांत वर्तमानपत्रावर भागायचं. शेतकऱ्याच्या घरी आडत दुकानाचं गेल्या वर्षीचं कॅलेंडर जपून ठेवलेलं असे. त्यावर लक्ष्मी नाहीतर बालाजी. वही जमिनीवर पडणार, तिला पाय लागणार, म्हणून आई देवाची बाजू आत घ्यायची आणि पाठची कोरी बाजू वर. ती कोरी जागा आमची. नाव, इयत्ता, तुकडी एका कोपऱ्यात लिहून झाली की उरलेल्या जागेत काय काढायचं, यावर भावंडांत तासभर खल चालायचा. मोठ्यांपैकी कुणी त्यात पडत नसे.

खाकी कागदाची मात्र वेगळीच मजा होती. त्याची एक बाजू चकचकीत, दुसरी खरबरीत. चकचकीत बाजूवर मेणाचा खडू नुसता घसरतो, रंग धरत नाही. माझी अक्का खरबरीत बाजूच वर घ्यायला लावायची. कॅमलच्या पेटीतला पांढरा खडू एरवी वर्षभर तसाच राहतो, कारण पांढऱ्या कागदावर तो दिसतच नाही. खाकीवर तो असा काही उठायचा की आम्ही त्याच्यासाठी भांडायचो. पांढऱ्यानं काय काढायचं, हा प्रश्नच नव्हता. कापूस! आमच्याकडच्या शिवारांत तेव्हा नांदेडच्याच कापूस संशोधन केंद्रातून निघालेलं नांदेड-४४ हे संकरित वाण जिकडेतिकडे होतं. वेचणीला आईसोबत गेलेल्या लेकराला बोंड कसं उकलतं हे कुणी शिकवावं लागत नाही. खाली तपकिरी नखं, वर पांढरा फुगा, बाजूला दोन पानं. आमच्या घरात आधी झिजायचा तो पांढराच.

यंदा नात पहिलीत गेली. प्रत्येक वहीच्या कव्हरावर मुलांनी स्वतः रंगवलेलं चित्र हवं, असं बाईंनी सांगितलं. मला ते फार आवडलं. मुलगा मोबाइलवर रंगवायची चित्रं शोधू लागला. बर्फाचा माणूस, सूचीपर्णी झाडं, परीचा महाल, आणि एक अगदी बारीक नक्षीचं कमळ. ते कमळ मी आधी बाजूला काढलं. सहा वर्षांच्या हाताला जाड रेघ आणि मोठी जागा लागते. शंभर बारीक खण दिले की लेकरू दहा रंगवून उठतं, आणि ती अर्धी वही वर्षभर त्याच्यापुढे राहते. बर्फाच्या माणसाचीही अडचण होती. त्याला रंगवायचं काय, आणि तो कुठं भेटलाय तिला?

पाहिलेलं असलं की लेकरू आपणहून काढतं. २०१६च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा डबे, डब्यागणिक सुमारे ५० हजार लिटर. त्या जूनमध्ये माझ्या भाच्यानं वहीवर टँकर काढला होता, पुढे घागरींची रांग. टँकर निळा, घागरी निळ्या, नळीतून पडणारी धार निळी, आणि उरलेलं आभाळही निळंच. त्याला कुणी विषय दिला नव्हता. ते कव्हर वहिनीनं अजून ठेवलंय.

मग मी नातीसाठी येळवशीची कोप काढली. मार्गशीर्ष अमावस्येला ती शेतात जाते, कडब्याच्या कोपीत मांडलेले पाच पांडव तिनं जवळून पाहिलेत, आंबिलाची बिंदगी आणि भज्जी-उंडे तिच्या ओळखीचे. जाड स्केचपेननं कोप, आत पाच दगड, बाजूला बिंदगी, मागं ज्वारीची चार ताटं, एवढंच. झेरॉक्सवाल्याला खाकी कागद मापात कापून दिला आणि खरबरीत बाजूवर छापून घेतलं.

“आजी, पांडव पांढरेच करायचे का?”

“चुना लावलेले असतात की गं.”

पांढरा खडू पाचही दगडांवर गच्च बसला. वर कुंकवाचे ठिपके तिनं आपणहून दिले. मग काळा खडू आडवा धरून ती माती भरू लागली, आणि माती कोपीच्या रेघेवरून पार कागदाच्या कडेपर्यंत गेली.

“अगं, बाहेर चाललंय, काय करायलीस?” मुलगा म्हणाला.

“शेत आहे ते, जाऊ दे बाहेर,” मी म्हटलं. लेकराच्या हातातला खडू घेऊन कडा नीट करून देणारी माणसं मला अजिबात सहन होत नाहीत. नीट कडांचं चित्र दुकानातल्या तयार कव्हरावर छापून मिळतंच की.

मेणाचा रंग शेजारच्या वहीला लागतो, म्हणून वर प्लास्टिक चढवलं. मराठीची वही झाली. गणिताच्या वहीला तिला रेल्वे हवी आहे, आणि डबे किती, ते तीच सांगणार आहे.