एका हाकेत मावणारं घर

पहाटेच्या अर्धवट जागेपणी भिंतीपलीकडून येणारे आवाज मला हल्ली फार आवडू लागले आहेत. हे ओट्यावर चहाचं भांडं ठेवतात, साखरेच्या डब्याचं झाकण जरासं अडतं आणि मग सुटतं, आलं किसल्याची खरखर येते, आणि मग बराच वेळ काहीच नाही. पण त्या काहीच नसण्यातही मला कळतं, की हे खिडकीशी उभे राहून बाहेरच्या कडुनिंबाकडे पाहताहेत. हाक मारावी लागत नाही. या दोन खोल्यांत माणूस दिसत नसला तरी ऐकू येत असतो.

घर घ्यायचं ठरलं तेव्हा कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत एकाच मजल्यावर दोन घरं दाखवली होती. मोठं खरंच देखणं होतं. तीन झोपायच्या खोल्या, लांबलचक गॅलरी, आणि पावसानं हवा धुऊन काढलेली असल्यामुळे दूरवर चांभारलेणीचा डोंगर. मी एका टोकाच्या खोलीत उभी होते, हे दुसऱ्या टोकाहून काहीतरी म्हणाले, आणि त्यांचे शब्द कोऱ्या भिंतींवर आपटत, फुटत माझ्यापर्यंत आले ते नुसता नाद होऊन. काय म्हणाले, ते कळलंच नाही. त्या क्षणी माझ्या मनात एक फार जुनी रात्र हलली.

माझं माहेर जुन्या नाशकातलं, सराफ बाजाराच्या खालच्या अंगाला, गंगेच्या उतारावर. नाशकात गोदावरीला गंगाच म्हणायचं. वाडा खणांनी मोजायचा, आणि आमच्या वाड्याला खण भरपूर होते: ओसरीवर आजोबा, माजघराच्या अंधारात आई, माडीवर काका-काकू, देवघरामागच्या निमुळत्या खोलीत आजी. प्रत्येकाला आपापली जागा होती, आणि दोन जागांमध्ये चौक होता. आजीनं मारलेली हाक चौक ओलांडेपर्यंत इतकी बारीक होई, की ती आपल्यासाठी आहे की चिमण्यांसाठी, असा प्रश्न पडावा.

मग 1969 चा पूर आला. नाशिककर पूर मोजतात तो दुतोंड्या मारुतीवर. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीशी आलं, अशी बातमी गल्लीगल्लीतून वर चढत येते, आणि मारुती बुडाला म्हटलं की म्हातारी माणसंसुद्धा उठून उभी राहतात. नारोशंकराच्या घंटेला पाणी टेकलं का, असं कुणीतरी कुणालातरी ओरडून विचारत होतं, ते मला आठवतं. आमच्या चौकात पाणी शिरलं तेव्हा सगळं घर माडीवरच्या एका खोलीत आलं. देवांचं ताम्हन, पिठाचे डबे, स्टोव्ह, कंदील, गाद्यांच्या वळकट्या, आणि आम्ही सारे. पाय पसरायचे तर कुणाच्या तरी पाठीला लागत.

त्या पुरानं गावातल्या कितीतरी घरांचं होतं नव्हतं ते नेलं, म्हणून त्या रात्रीला सुखाची म्हणायला आजही जीभ धजत नाही. पण कंदिलाची वात बारीक केल्यावर अंधारात एकेक माणूस मला आवाजानं सापडू लागलं. आजोबांचं दबकं खोकणं, काकूच्या बांगड्या, धाकट्याचं अंगठा चोखणं, आजीचं पुटपुटत चाललेलं नामस्मरण, आणि जमिनीखाली, जिन्याच्या पायऱ्यांवर, पाण्याचा चुबुकचुबुक असा थांबून थांबून येणारा आवाज. सगळे इथेच आहेत. सगळेच्या सगळे. तशी झोप!

पाणी ओसरलं, गाळ निघाला, माणसं आपापल्या खणांत परत गेली. वाडा पुन्हा मोठा झाला, आणि मला करमेना.

पुढे आजी मला गंगेपलीकडे पंचवटीत नेई. सीतागुंफेत शिरताना ती कंबरेत वाकायची आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून मलाही वाकवायची. अयोध्येच्या राजवाड्यातून निघालेली तीन माणसं इथे पर्णकुटीत राहिली, हे नाशकातल्या पोराला सांगावं लागत नाही. पण वाल्मीकींच्या अरण्यकांडातला तो प्रसंग मी फार उशिरा वाचला. लक्ष्मण जागा स्वतः निवडत नाही, तुम्हीच दाखवा म्हणतो. राम नदीजवळची, फुललेल्या झाडांमधली सपाट जमीन दाखवतो. मग मातीच्या भिंती, खांब, लांब वेळू, शमीच्या फांद्या, वर गवताचं छप्पर. घर झाल्यावर राम भावाला मिठी मारतो आणि म्हणतो, की तू असताना आपले वडील गेलेत असं मला वाटत नाही. वनवास लादलेला होता हे खरंच. पण ती नदीकाठची जागा त्यांनी आवडून घेतली होती. एवढ्याशा कुटीत गेलेल्या बापालाही जागा झाली. मी ते पान मिटून कितीतरी वेळ बसून राहिले होते.

लहान घर घेताना सोडावं लागलंच. वाड्यातून माझ्याकडे आलेलं घंगाळ भाचीकडे गेलं, शिसवी कपाट इथल्या दारातून आत येईना म्हणून दुसऱ्यांचं झालं, पुस्तकांतली निम्मी वाचनालयात. कपाट गेलं त्या दिवशी मी जेवले नाही. यांनी आग्रह केला नाही, नुसतं ताट झाकून ठेवलं आणि शेजारच्या खोलीत रेडिओ अगदी हळू लावला, मला ऐकू येईल इतकाच.

आता दिवाळीला मुलगा, सून, दोन्ही नाती येणार आहेत. सून फोनवर काळजीनं म्हणाली, “आई, आपण सगळे मावणार कुठे?” मी म्हटलं, बाहेरच्या खोलीत, ओळीनं. पिंजाऱ्याकडे दोन गाद्या टाकल्या आहेत, त्यानं वसुबारसेच्या आत देतो म्हणून सांगितलंय. धाकटी नात आत्तापासूनच भांडते आहे, की आजीच्या शेजारी मीच झोपणार.