इंजिन फिरेपर्यंत

शिरूरला रेल्वे नाही. पुणे-नगर रस्ता आहे, घोडनदी आहे, रांजणगावची कारखानदारी आहे, पण रूळ नाहीत. पुण्याहून नगरला थेट लोहमार्ग टाकण्याच्या गोष्टी आम्ही इतक्या वेळा ऐकल्या आहेत की सर्व्हेची बातमी छापून आली तरी लोक ती न वाचता पान उलटतात. त्यामुळे शिरूरच्या माणसाला रेल्वेचं वेड लागलं की त्याला दौंड गाठावं लागतं. न्हावरे, पारगावजवळ भीमेवरचा पूल, केडगाव, चौफुला, पाटस. साठ-पासष्ट किलोमीटर होतात, आणि उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे अडकलात तर किलोमीटर मोजण्यात अर्थ नसतो. चौफुल्याला चहाला थांबलो आणि गावचं कोणी भेटलं, तर ‘दौंडला गाड्या बघायला चाललोय’ हे उत्तर कुणालाच पटत नाही. चौफुला कशासाठी प्रसिद्ध आहे हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे.

आमचा रेल्वेप्रेमींचा ग्रुप नुकताच बंद केला. अ‍ॅडमिन मी होतो, म्हणून बंद करण्याचं कामही माझ्याकडे आलं. तो का बंद केला हे लोक अजून विचारतात, आणि उत्तर देताना मला दरवेळी दौंडच्या फलाटावरून सुरुवात करावी लागते.

नकाशात बघा. पुण्याकडून येणारी लाइन दौंडात पश्चिमेकडून शिरते आणि पूर्वेला सोलापूरकडे निघून जाते. मनमाडची लाइन १८७८ची, आणि ती फुटते तीही स्टेशनच्या पश्चिम टोकालाच. म्हणजे सोलापूरकडून मनमाडला जाणारी कर्नाटक एक्सप्रेस सरळ निघून जाऊ शकते. पण पुण्याहून मनमाडकडे निघालेली झेलम, आझाद हिंद किंवा गोवा एक्सप्रेस दौंडात शिरली की आल्या दिशेनंच बाहेर पडायची. त्यासाठी इंजिन या टोकाचं काढून त्या टोकाला लावायचं. रेल्वेच्या भाषेत लोको रिव्हर्सल, दौंडकरांच्या भाषेत ‘इंजिन फिरतंय’. जे डबे शेवटी होते ते पुढे होतात आणि खिडकीत तोंडावर वारा घेत बसलेला प्रवासी अचानक पाठमोरा जाऊ लागतो. पहिल्यांदा प्रवास करणारे हमखास घाबरून विचारतात, गाडी परत पुण्याला चालली का?

ही वीस-पंचवीस मिनिटं आमची. कपलिंग सुटतं, होस पाइप वेगळे होतात, दाबलेली हवा फुसकन सुटते. इंजिन एकटंच पुढे जातं, शेजारच्या लाइनवरून सावकाश मागे येतं, दुसऱ्या टोकाला हळूच टेकतं. मग ब्रेकची तपासणी. ब्रेक पाइपमध्ये पाच किलो दाब भरला, शेवटच्या डब्यापर्यंत पोचला, गार्डानं होकार दिला, की मगच सिग्नलची वाट बघायची. हे सगळं होईपर्यंत फलाटावर उभ्या माणसाला बघण्याशिवाय काही काम नसतं. बघता बघता तो शेजारच्याशी बोलतो. आमच्यातल्या निम्म्या लोकांची ओळख अशीच झाली.

बाकीचे निम्मे माझ्या सायबर कॅफेतून आले. शिरूरच्या बाजारपेठेत माझं दुकान होतं. अजून आहे, फक्त आता तिथे सातबारा आणि उत्पन्नाचे दाखले निघतात. ऑर्कुटचा जमाना होता. अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय मुलांनी १९८९ मध्ये सुरू केलेला इंडियन रेल्वेज फॅन क्लब, आयआरएफसीए, आम्हाला माहीत होता. त्यांचे फोटो आणि त्यांची माहिती बघून आम्ही थक्क व्हायचो. पण तिथला कारभार इंग्रजीत चालायचा, आणि पाटसच्या फाटकावर मालगाडी किती वेळ अडकली हे इंग्रजीत सांगायला आमची जीभ वळायची नाही. म्हणून मराठीत आपलं आपण सुरू केलं. दौंड, काष्टी, भिगवण, कुर्डुवाडी, मनमाड, मग पुण्यातली नोकरदार पोरं, मग दुबईत गेलेला एक जण. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं तेव्हा आम्ही त्याच्या आधीच सामानसुमान घेऊन व्हॉट्सअ‍ॅपवर आलो होतो. तो निरोप मला काही जड गेला नव्हता. माणसं तीच होती आणि दौंडात इंजिन फिरत होतं.

आता कसबाबद्दल. गाड्या बघणं याला कसब म्हटलं की लोक हसतात. फोटो काढणं निदान कळतं त्यांना. पण स्टेशनात कॅमेरा काढायचा म्हणजे परवानगीचा प्रश्न येतो, आणि रोज कोण परवानगी मागत बसणार? त्यामुळे आमच्यातले जुने लोक वहीकडे वळले. तारीख, गाडी, वेळ, इंजिनाचा क्रमांक, शेड, तोंड कुठे. सहा रकाने. एवढंच, पण ते भरायला डोळा तयार व्हावा लागतो.

पाच आकडी क्रमांकातले पहिले दोन आकडे बघितले की इंजिनाची जात कळते. १६, १७, १८ असेल तर डब्ल्यूडीएम-२, १९६२ मध्ये अमेरिकेतल्या अल्को कंपनीकडून आलेल्या आणि नंतर वाराणसीत बनत राहिलेल्या घराण्यातलं, २६०० अश्वशक्तीचं. १४ असेल तर त्याचीच सुधारलेली आवृत्ती, ३१०० ची. ११ असेल तर डब्ल्यूडीएम-३डी. डब्यांचं वेगळं: तिथे पहिले दोन आकडे म्हणजे बांधणीचं साल. शेडचं नाव इंजिनाच्या अंगावर लिहिलेलं असतं, पुणे, गुत्ती, कृष्णराजपुरम, आणि रोजच्या गाडीला रोजच्या शेडचं सोडून भलतंच इंजिन आलं की आम्ही म्हणायचो ‘ऑफलिंक’. तो शब्द ग्रुपवर पडला की भिगवणचा माणूस जेवण सोडून फाटकावर जायचा.

सहावा रकाना, ‘तोंड कुठे’, हा खास दौंडचा. अल्को इंजिनाला ड्रायव्हरची केबिन एकच, एका टोकाजवळ. केबिनच्या बाजूनं धावलं तर शॉर्ट हूड पुढे, आणि उलट धावलं तर इंजिनाचं सगळं लांबडं धूड ड्रायव्हरच्या नजरेसमोर, म्हणजे लाँग हूड. दौंडात इंजिन एका टोकाचं दुसऱ्या टोकाला जातं, पण त्याचं तोंड फिरत नाही. म्हणजे पुण्याहून शॉर्ट हूड पुढे करून आलेलं इंजिन मनमाडकडे लाँग हूड पुढे करून निघणार. आमच्यातले एक निवृत्त ड्रायव्हर, ज्यांना सगळे मामा म्हणत, ते सांगायचे की रात्री पावसात लाँग हूडनं सिग्नल शोधायचा म्हणजे मान बाहेर काढून, डोळ्यांत पाणी घेत जायचं. आम्ही फलाटावर उभे राहून ‘आज लाँग हूड!’ म्हणून खूश व्हायचो तेव्हा मामांच्या चेहऱ्यावर जे यायचं त्याला कौतुक म्हणता येणार नाही.

मामांनी शिकवलेली दुसरी गोष्ट, क्रमांक दिसायच्या आधी कानानं ओळखायचं. अल्को चार स्ट्रोकचं, सोळा सिलिंडरचं. उभं असताना त्याचे ठोके सुटे सुटे ऐकू येतात, एखाद्या म्हाताऱ्यानं विचार करत सुपारी कातरावी तसे. नॉच वाढवला की डिझेल आधी येतं, टर्बोचार्जरची हवा मागून येते, आणि मधल्या त्या क्षणात काळ्या धुराचा लोट उठतो. नंतर आलेली ईएमडी घराण्याची इंजिनं दोन स्ट्रोकची, त्यांचा आवाज सलग, एकसुरी. ती जास्त ताकदीची आणि डिझेल कमी पिणारी. मला ती कधी आवडली नाहीत. त्यामागे तर्क काही नाही.

तर, दौंडात तारा आल्या. पुण्याच्या आणि मनमाडच्या अंगाला आधी, सोलापूरच्या अंगाला बऱ्याच नंतर. पुणे-दौंडच्या विद्युतीकरणाचा तर विनोदच झाला. वर्षानुवर्षं दौंडकर लोकल मागत होते. २०१७ मध्ये तारा तयार झाल्या, पण फलाटांची उंची लोकलला पुरेशी नव्हती, म्हणून विजेच्या तारांखालून नवीन गाडी सोडली ती डेमू, म्हणजे डिझेलवरची. ग्रुपवर त्या दिवशी इतके विनोद आले की मला मोबाइल चार्जिंगला लावून वाचावे लागले.

अल्को गेल्याचं दुःख ग्रुपनं पचवलं. फुलं वाहिली, शेवटच्या नोंदी टाकल्या, विजेच्या इंजिनांचे क्रमांक पाठ करायला घेतले. ३० ने सुरू होणारं डब्ल्यूएपी-७, ३१ वालं मालगाडीचं डब्ल्यूएजी-९. सगळ्यांना वाटतं की डिझेल संपलं म्हणून आमचा ग्रुप संपला. ते खरं नाही. विजेच्या इंजिनालाही दौंडात फिरावंच लागत होतं, आणि ते फिरत होतं तोवर आम्ही होतो.

आम्हाला संपवलं ते कॉर्ड लाइननं. पुण्याकडची लाइन मनमाडकडच्या लाइनला स्टेशनच्या बाहेरच जोडली, तिथे दौंड कॉर्ड लाइन नावाचं नवं स्टेशन उभं केलं, आणि पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या मुख्य दौंडात न शिरता तिकडूनच जाऊ लागल्या. रेल्वेचं यात काही चुकलं नाही. वेळ वाचला, फलाट मोकळे झाले. रात्री-अपरात्री तिथे उतरून गावात यायला रिक्षा शोधणाऱ्यांची कुरकुर असते, ती वेगळी. पण गाडी थांबते आणि लगेच निघते. वीस-पंचवीस मिनिटं गेली.

रेल्वेचं वेड वेगावर पोसतं असा समज आहे, आणि माझा अनुभव बरोबर उलटा आहे. गाडी धावताना बघायला मिळतं ते अर्धं मिनिट. वेड चढतं ते गाडी उभी असताना. आमचा ग्रुप सगळ्यात जास्त जिवंत कधी होता सांगू? २०२० च्या मार्चअखेरीस, जेव्हा देशभरातल्या प्रवासी गाड्या बंद होत्या. कोणाला कुठे जायचं नव्हतं, काही येणार नव्हतं. जुन्या वह्या निघाल्या. दुबईवाल्यानं कधीतरी दौंडात रेकॉर्ड केलेला ब्रेकचा आवाज टाकला आणि त्यावरून तो फलाट कुठला, डबा कितवा, यावर दोन दिवस चर्चा झाली. गाड्या पुन्हा रुळावर आल्या तसे आम्ही पांगलो.

वाट बघायची गरजही उरली नव्हती. पूर्वी ‘झेलम कुठं आलीय रे?’ या प्रश्नावर आमचा दिवस सुरू व्हायचा. केडगाववाला सांगायचा गेली, यवतवाला म्हणायचा अजून नाही, दोघांत जुंपायची. आता ‘व्हेअर इज माय ट्रेन’ सांगतं. हे अ‍ॅप इतकं चांगलं निघालं की २०१८ मध्ये गूगलनं ते बनवणारी कंपनीच विकत घेतली. माझ्याही मोबाइलवर आहे. ग्रुपवर मग राहिलं काय? सुप्रभात, वाढदिवस, आणि दुसऱ्यानं काढलेले वंदे भारतचे ड्रोनचे व्हिडिओ, तेही चार ठिकाणांहून फिरून आलेले. नोंदींच्या जागी फॉरवर्ड आले, तेव्हा मी ठरवलं.

बरेच जण म्हणाले, बंद कशाला करतोस, पडू दे की. दौंडचा एक तर चिडलाच. ‘आवं शेठ, फलाटावरची जुनी टाकी कुणी पाडतं का? ऱ्हाते आपली उभी.’ मुद्दा बिनतोड होता. तरी मला ते पटलं नाही. मुका पडलेला ग्रुप रोज डोळ्यांसमोर राहतो आणि त्यात जे झालं होतं त्याचीही किंमत कमी करतो, असं मला वाटलं. शिवाय वहीला शेवटचं पान असतं, ही सवय मला वहीनंच लावली होती.

बंद करणं सोपं नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅपवर अ‍ॅडमिनला एका बटणात सगळ्यांसाठी ग्रुप पुसता येत नाही. एकेका माणसाला काढावं लागतं आणि मग स्वतः निघायचं. आधी मला हा त्रास वाटला. मग मी क्रम ठरवला: सगळ्यात शेवटी आलेले आधी. प्रत्येकाला काढण्यापूर्वी त्यानं ग्रुपवर टाकलेली एखादी नोंद शोधून त्याला स्वतंत्र पाठवायची, आणि खाली दोन ओळी. काही जणांच्या नावावर एकही नोंद सापडली नाही, वर्षानुवर्षं नुसते वाचत होते. त्यातल्या एकानं लिहिलं, ‘मी बार्शीचा, मला कोणी ओळखत नाही, पण तुमच्या वाद-भांडणांमुळे माझी नाइट ड्यूटी सुसह्य झाली.’ अशी माणसं कोणत्याही ग्रुपात सगळ्यात जास्त असतात आणि अ‍ॅडमिनला ती दिसत नाहीत.

मामांचा नंबर शेवटून दुसरा. त्यांना नोंद शोधायची गरज नव्हती, कारण त्यांनी कधी लिहिलंच नाही, नेहमी आवाज पाठवायचे. त्यांना फोन केला. ते म्हणाले, ‘काढ की. गाडी ड्रायव्हरला विचारून थांबत नसती.’

तरुण पोरांनी त्याच आठवड्यात वंदे भारतचा नवा ग्रुप काढला. मला त्यात घेतलं नाही आणि ते बरोबर केलं. वह्या मात्र कुणाकडे जाव्यात यावर बरीच ओढाताण झाली. शेवटी ठरलं की दौंडच्या त्या चिडक्या माणसानं सगळ्यांच्या वह्या गोळा करून स्कॅन करायच्या आणि माझ्या दुकानात प्रिंट काढून जुळवायच्या. दर रविवारी तो एक गठ्ठा घेऊन शिरूरला येतो, न्हावऱ्यावरून, एसटीनं. जुळवताना भलतीच पंचाईत झाली आहे. आझाद हिंदची एकच नोंद, एकच तारीख, एकाच फलाटावर शेजारी उभं राहून आम्ही दोघांनी केलेली. त्याच्या वहीत शेड पुणे आहे, माझ्या वहीत गुत्ती. क्रमांक दोघांचाही १४ नं सुरू होतो, पुढचे आकडे जुळत नाहीत. तो म्हणतो मी चष्मा विसरलो होतो. मला तेव्हा चष्माच नव्हता. मामांना विचारलं तर ते म्हणतात त्या दिवशी त्या गाडीला अल्को नव्हतंच.