नळाचा दिवस आणि धावण्याचा दिवस

आमच्या अकोल्याच्या वस्तीत पुरुष धावताना दिसला तर तो पोलीस भरतीची तयारी करतो, असं लोक समजतात. बाई धावताना दिसली की विचारतात, "काय झालं वं माय? कोनाले दवाखान्यात नेलं काय?" मी ऑगस्टपासून धावते आहे आणि घरचे सगळे सुखरूप आहेत, हे मला अजून कुणाला ना कुणाला सांगावं लागतं.

बारामतीच्या लता करे यांचं नाव आपण सर्वांनी ऐकलं आहे. साठी ओलांडलेली ही माउली नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवेत म्हणून नऊवारीत, अनवाणी धावली आणि ज्येष्ठांच्या गटात पहिली आली. २०२० साली त्यांच्यावर चित्रपट आला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. त्यांना माझा जयभीम. पण मनात एक विचार येतो. त्या नवऱ्यासाठी धावल्या म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धावावंसं वाटतं म्हणून धावणाऱ्या बाईला किती टाळ्या मिळाल्या असत्या?

मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. अमरावती माझं माहेर. अमरावती-अकोला रस्त्यावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरचा एक पदर डांबरी झाला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. त्या रस्त्यानं एसटीत बसून जाताना मी हिशेब करते, यातलं अर्ध्याहून जास्त अंतर मला एका दमात पायानं कापायचं आहे. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची मॅरेथॉन १८९६ पासून आहे. बायकांना ती मिळाली १९८४ साली, लॉस एंजेलिसला. मधली ८८ वर्षं बाईला हे झेपणार नाही असं शहाणी माणसं म्हणत राहिली. डोक्यावर मोळी अन् कडेवर लेकरू घेऊन चालणाऱ्या आमच्या आज्यांना त्यांनी विचारलं नसावं.

मी अंगणवाडीत मदतनीस आहे. पहाटे साडेचारला उठून कृषी विद्यापीठाच्या रस्त्यानं धावते, सातला घरी. मग डबे, दहावीतल्या मुलीची वेणी, सासूबाईंच्या गोळ्या. नळ काही रोज येत नाही, आणि येतो त्या दिवशी धावणं बंद. मॅरेथॉनच्या पुस्तकात आठवड्याचं वेळापत्रक असतं, त्यात नळाचा रकाना नसतो. माहेरी गेले की छत्री तलावाकडे धावते, पण तिकडं बिबट्याचं भय, म्हणून उजाडल्यावरच. आमचे मिस्टर दालमिलमध्ये रात्रपाळीला असतात. चौदा एप्रिलला समतेवर ते फार छान बोलतात. कणीक मळायला मात्र त्यांना ऑक्टोबर उजाडला.

खरा प्रश्न आला बुटांचा. सपाटाच्या बुटांनी गुडघा दुखू लागला. चांगले बूट तीन हजारांचे, आणि मुलीच्या शिकवणीचा हप्ताही तेवढाच. घरात आठ दिवस अबोला होता. त्या रविवारी विहारात भंतेजींनी सोण भिक्खूची गोष्ट सांगितली. सोण हा चंपा नगरीच्या श्रेष्ठीचा मुलगा. चंक्रमण करून करून त्याच्या तळपायांतून रक्त वाहू लागलं. तेव्हा तथागतांनी त्याला वीणेच्या तारांबद्दल विचारलं, फार ताणल्या तर काय होतं, फार सैल सोडल्या तर काय होतं. एवढी गोष्ट आपल्याला माहीत असते. पुढची कमी जणांना ठाऊक आहे. तथागतांनी त्याला पायात वहाणा घालायची परवानगी दिली. सोण म्हणाला, मला एकट्याला नको, साऱ्या संघाला मिळाल्या तरच मी घालीन. म्हणून सगळ्या भिक्खूंना एका तळाच्या वहाणांची मुभा मिळाली.

घरी येता येता सासूबाई म्हणाल्या, "माया बाप गावातून जातानी चपला हातात घे. पाटलाच्या वाड्यापुढं पायात घालाची सोय नोयती." बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी श्रावणबाळच्या पैशातले पाचशे रुपये त्यांनी माझ्या पर्समध्ये ठेवलेले होते. उरलेले मी भिशीतून उचलले. शिकवणीचा हप्ता पंधरा दिवस उशिरा गेला.

वीणेची गोष्ट मला धावण्यातही उपयोगी पडली. दर आठवड्याला अंतर थोडंथोडंच वाढवायचं, आणि चौथ्या आठवड्यात कमी करायचं. तीस किलोमीटरच्या आसपास अंगातली साठवलेली साखर संपत येते, पाय ऐकत नाहीत असं म्हणतात. म्हणून गूळ-शेंगदाण्याची चिक्की कमरेच्या पिशवीत, अन् पाण्यात चिमूटभर मीठ. आदल्या रात्री ज्वारीची भाकर आणि वरण. महागड्या पुड्या मला परवडत नाहीत आणि अजून तरी अडलं नाही.

जानेवारीला दहा आठवडे उरले. वेळ किती लागेल म्हणून मुलगी विचारते. मी म्हणते, सहा तास. ती म्हणते, पाच. येत्या रविवारी २४ किलोमीटर आहेत, नंतर विहारात वंदना. नळ शनिवारी आला तर बरं. रविवारीच आला, तर टाकी मिस्टर भरणार आहेत, असं त्यांनी सासूबाईंसमोर कबूल केलं आहे.