मधल्या सुट्टीतील मोकळे हात

कापूस फुटण्याच्या दिवसांत मुकुटबनच्या बाजूची मुले मधल्या सुट्टीत पाहिली, म्हणजे श्रम आणि क्रीडा या दोन गोष्टी आपण किती सहजपणे एकाच खात्यात जमा करतो, याची खंत मनाला लागते. भूगर्भात चुनखडी, वर कपाशीची काळी जमीन, एका अंगाला सिमेंटचा कारखाना आणि आसपास कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या, असा हा झरी जामणी तालुक्याचा मुलूख. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दररोज किमान सरासरी ६० मिनिटांची मध्यम ते जोमदार हालचाल आवश्यक ठरवली. परंतु डोईवर पाण्याचा गुंड वाहणारी आणि पऱ्हाटीच्या ओळींतून ओटी भरत फिरणारी मुलगी हा दंडक शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच पुरा करते, आणि तरीही त्या हालचालीतला एकही क्षण तिच्या स्वतःच्या मालकीचा नसतो.

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, याचा वऱ्हाडाला रास्त अभिमान आहे. खो-खोला, आट्यापाट्यांना काही जिन्नस विकत घ्यावा लागत नाही, म्हणून ते गरिबांचे खेळ, असे आपण कौतुकाने म्हणतो. मला ते कौतुक अपुरे वाटते. कारण या खेळांना पोटात अन्न, अंगात उरलेले बळ आणि मोकळे हात लागतात, आणि नेमक्या याच गोष्टींची वाटणी गावात विषम झालेली असते. घरून खाऊन आलेला मुलगा शाळेत मिळणाऱ्या खिचडीचे चार घास घेऊन मैदानाकडे धावतो. उपाशी आलेला पुन्हा वाढून घेतो, सावकाश जेवतो, आणि त्याने ताट धुऊन ठेवावे तो डाव अर्ध्यावर आलेला असतो. मुलींची गोष्ट तर याहून कठीण, कारण कित्येकींच्या कडेवर धाकटे भावंड असते.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण व खेळाचे साहित्य अनुसूचीतच नमूद केले, हे योग्यच झाले. आता तजवीज व्हावी ती वेळेची: भोजनाची सुट्टी आणि खेळाची सुट्टी हजेरीपत्रकाइतक्याच काटेकोरपणे वेगळी राखावी, आणि कडेवरच्या भावंडाला तेवढा वेळ शेजारच्या अंगणवाडीत बसवून घ्यावे.