खोडलेली नोंद

सुतारपक्षी ओळखणें हा पोरखेळ आहे, अशी आमची कित्येक वर्षें समजूत होती. अमरावतीस छत्री तलावाकडे सकाळीं फिरावयास गेलें कीं तो सोनपाठी सुतार एखाद्या बाभळीवर हटकून दिसावयाचा. रानांतलाही तोच, असें आम्हीं घरबसल्या ठरवून टाकलें होतें.

अकोल्यास आमचे वडील बंधू अण्णा असतात. त्यांची पक्ष्यांची एक वही आहे. १९८८ सालीं ते मेळघाटांत कोलकासला गेले असतां त्यांनीं तींत लिहिलें होतें, 'सुतार, मान मागून पांढरी.' पुढें वही आमच्या हातीं आली, तेव्हां आम्हीं ती ओळ तांबड्या शाईनें खोडली व शेजारीं 'नजरचूक' असा शेरा मारला. अण्णा त्यावर अवाक्षर बोलले नाहींत. मात्र त्या वहींत त्यांनीं पुन्हां कांहीं लिहिलेंही नाहीं.

गेल्या माघांत सेमाडोहच्या सागाच्या रानांत एक सुतार आडव्या फांदीआडून डोकावला. पंखांवर तेंच सोनें, शेपटीच्या वरचा भाग तसाच काळा. आम्ही पुढें निघणार, इतक्यांत त्यानें पाठ फिरविली! नेहमींच्या सोनपाठीची मान मागून काळी असते आणि काळ्या गळ्यावर पांढरे ठिपके असतात. ह्या पक्ष्याची मान थेट पाठीपर्यंत शुभ्र होती, दोहों बाजूंस काळे पट्टे होते, आणि पांढऱ्या गळ्यावर ठिपके नसून बारीक काळ्या रेघा होत्या. सोनपाठीच्या मादीचें कपाळ काळें, ठिपकेदार, पण मागें तुरा लालच. येथें सारा माथा पिवळा. म्हणजे ही पांढऱ्या मानेच्या सुताराची मादी.

(लॅथम नांवाच्या इंग्रज पंडितानें १८०१ सालीं ज्याच्या शास्त्रीय नांवांत मराठ्यांचें नांव गोंविलें, तो 'मराठा सुतार' ह्या भानगडींत नाहीं. त्याची गल्लत त्याहूनही चिमुकल्या, तपकिरी माथ्याच्या सुताराशीं होते. पण माथ्याचा पिवळेपणा आणि पोटावरचा तांबडा डाग दिसला कीं तंटा मिटतो.)

पुढच्याच रविवारीं वही घेऊन आम्ही अकोल्यास गेलों. अण्णांची दृष्टि आतां अधू झाली आहे. तांबड्या शाईच्या खालीं घातलेली नवी तारीख आणि नोंद आम्हीं त्यांना वाचून दाखविली. ते बराच वेळ गप्प बसले.

"नर होता कीं मादी?" त्यांनीं विचारलें.

"मादी होती, अण्णा. माथा पिवळा."

"माझा नर होता. तेवढें वर लिहून ठेव."