ग्वारीघाटावरचा एक कर्नल

संपादकांनी यंदा कृत्रिम बुद्धिमत्तेवर लेख मागितला होता. पण प्रस्तुत लेखकाचं निम्मं आयुष्य लिनक्सच्या कर्नलमध्ये गेलं, आणि गेल्या पावसाळ्यापासून त्याच्या डोक्यातून एक जुना संगणक जात नाही. त्याने विषय बदलून मागितला. संपादकांनी तो मोठ्या मनाने मान्य केला.

जबलपूरच्या ग्वारीघाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर ते दुकान आहे. झेरॉक्स, टायपिंग, पासपोर्ट फोटो. मालक तीन पिढ्या जबलपुरात स्थिरावलेल्या मराठी घरातले. त्यांना सगळे काका म्हणतात. संगणक पंधरा वर्षांचा, इंटरनेटशी न जोडलेला, लिनक्सवर चालणारा. आत ५१२ एमबीच्या दोन रॅम, म्हणजे १ जीबी. प्रोसेसर दोन कोअरचा. तरी एखादा मोठा फोटो उघडला की सगळं अडून बसायचं. दुरुस्तीला येणाऱ्याने आधी एक रॅम बदलायला लावली. फरक पडला नाही. मग ‘लिनक्सला हे हार्डवेअर झेपत नाही’ असं सांगून त्याने नवं मशीन घ्यायचा सल्ला दिला.

हे वाक्य लेखकाने इतक्या वेळा ऐकलं आहे की आता राग येण्यापेक्षा थकवा येतो. लिनक्सला अमुक हार्डवेअर चालतं की नाही, असं विचारून फारसं काही कळत नाही. त्या मशीनमध्ये बसलेला कर्नल कोणी, कोणते पर्याय चालू ठेवून बांधला, हे बघावं लागतं.

कर्नल म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा. मेमरी कोणाला किती द्यायची, प्रोसेसरवर कोणाचं काम कधी चढवायचं, प्रिंटरशी कसं बोलायचं, हे सगळं तो ठरवतो. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्सचा कर्नल लिहायला घेतला. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटात तो आहे, आणि नोव्हेंबर २०१७पासून जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे संगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. त्याचा मूळ कोड जीपीएल परवान्याखाली खुला आहे. कोणीही वाचावा, बदलावा आणि पुन्हा बांधावा. बांधण्याआधी ‘मेन्यूकॉन्फिग’ नावाचा निळा पडदा उघडतो आणि हजारो पर्यायांची यादी दाखवतो. पर्याय कर्नलमध्येच घ्यायचा, लागेल तेव्हा जोडायचं मॉड्यूल म्हणून वेगळा ठेवायचा की गाळायचा, हे तिथे ठरतं. जे गाळलं, ते यंत्रात असूनही नसल्यासारखं.

काकांचा कर्नल जुन्यातल्या जुन्या मशीनवरही चालावा म्हणून बांधलेला होता. त्यामुळे एकापेक्षा जास्त प्रोसेसर वापरण्याचा पर्याय बंद, आणि ‘हाय मेमरी’चाही बंद. एक अख्खा कोअर आणि १२८ एमबी मेमरी वर्षानुवर्षं बसून होती. दर वेळी चालू होताना कर्नल तशी ओळही लिहीत होता: फक्त ८९६ एमबी वापरली जाईल, हायमेम चालू असलेला कर्नल वापरा. ती ओळ कोणी वाचलीच नाही, आणि काकांनी नव्या रॅमचे पैसे मोजले.

हा ८९६चा आकडा समजून घेण्यासारखा आहे. ३२ बिटांच्या प्रोसेसरवर एका वेळी ४ जीबी एवढेच पत्ते लिहिता येतात. लिनक्सने त्यातली ३ जीबी आपल्या प्रोग्रॅमांना दिली आणि १ जीबी कर्नलसाठी राखली. पत्ते, मेमरी नव्हे. इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. कर्नलला मेमरीच्या प्रत्येक भागाला आपल्या वाट्याचा एक कायमचा पत्ता द्यायला आवडतं. पण त्याच १ जीबीतले १२८ एमबी पत्ते त्याला उपकरणांसाठी आणि ऐनवेळच्या जोडण्यांसाठी मोकळे ठेवावे लागतात. १०२४मधून १२८ गेले, राहिले ८९६. त्यापलीकडची मेमरी सर्किटवर बसलेली असते, तिच्यात वीज खेळत असते, पण तिथे पोचायला कायमचा रस्ता नसतो.

ग्वारीघाटाच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की समोरच्या तीरावर गुरुद्वारा दिसतो. तिकडे जाणारे नावेत बसतात. हायमेम ही तशी नाव आहे. पलीकडच्या मेमरीचं एक पान लागलं की कर्नल त्याला तात्पुरता पत्ता देतो आणि काम झालं की तो काढून घेतो. दर फेरीला थोडा वेळ जातो. ज्या मशीनमध्ये मेमरीच कमी, त्यांना हा खर्च नको म्हणून काही कर्नलांत हा पर्याय बंद ठेवला जाई. तो निर्णय त्या काळी रास्तच होता. दुकानात १ जीबी असेल, हे बांधणाऱ्याला कुठून कळणार?

या नावेवरून जाणकारांत बरीच वर्षं वाद आहे. १९९५च्या पेंटियम प्रोपासून इंटेलने ३२ बिटांच्या प्रोसेसरला ३६ बिटांचा पत्ता देऊन ६४ जीबीपर्यंतची वाट उघडली, आणि कर्नलमध्ये तो पर्याय आला. खुद्द टोरवाल्ड्स यांना हा मार्ग कधी रुचला नाही; एवढी मेमरी हवी तर ६४ बिटांकडे जा, असं त्यांचं म्हणणं. मे २०२५मध्ये आलेल्या ६.१५ आवृत्तीतून हा ६४ जीबीचा पर्याय काढून टाकला गेला. लेखकाला ते पटतं आणि खुपतंही. सांभाळणारी माणसं मोजकी, जुना कोड सांभाळताना नव्यात चुका शिरतात, हे खरं. पण अशी प्रत्येक वजाबाकी कुठल्या तरी दुकानातल्या चालू मशीनपाशी येऊन थांबते.

काकांच्या मशीनवर लिनक्सचं जे वितरण होतं, त्याचे तयार कर्नल मिळण्याचे दिवस केव्हाच संपले होते. लेखक त्याच आवृत्तीचा कोड पेनड्राइव्हवर घेऊन गेला. सगळी मॉड्यूलं बांधायची तर त्या यंत्राला रात्र पुरली नसती. २.६.३२ आवृत्तीपासून ‘लोकलमॉडकॉन्फिग’ नावाची सोय आहे: त्या क्षणी जी मॉड्यूलं वापरात आहेत तेवढीच ठेवते, बाकीची गाळते. मग मेन्यूकॉन्फिगमध्ये दोन्ही बंद पर्याय चालू केले आणि कर्नल बांधायची ‘मेक’ ही आज्ञा दिली. घाटावर आरतीच्या घंटा सुरू होत्या, पडद्यावर एकेका फाइलचं नाव सरकत होतं, पंखा पूर्ण वेगाने फिरत होता. वीज गेली नाही म्हणून काका तासातासाने हात जोडत होते.

रात्री उशिरा नवा कर्नल चालू झाला. दोन कोअर दिसले, मेमरीचा आकडा हजाराच्या वर गेला. लग्नाचा जो फोटो उघडायला संगणक गुदमरायचा तो उघडला, आणि काका म्हणाले, “अरे, हा तर धावायला लागला!” लेखकाला त्या रात्री फार अभिमान वाटला.

सकाळी प्रिंटर चालेना. मशीन पुढे ओढताना प्रिंटरची वायर लेखकानेच काढून ठेवली होती. त्यामुळे प्रिंटरचं मॉड्यूल त्या क्षणी वापरात नव्हतं आणि लोकलमॉडकॉन्फिगने ते गाळलं. मशीन चालू होताना कर्नल निवडू देणाऱ्या ग्रबच्या यादीत जुना कर्नल शाबूत होता. तो निवडला असता तर दुकान दोन मिनिटांत सुरू झालं असतं. पण ते काकांना सांगायचं राहिलं होतं. लेखक पोचेपर्यंत तीन गिऱ्हाइकं परत गेली होती. काका एक शब्द बोलले नाहीत, चहा मागवला. मॉड्यूल बांधून जोडायला काही मिनिटं लागली.

मनातून जात नाही ती हीच सकाळ. दुसऱ्याच्या यंत्रात हात घालून आपण त्याला आपल्यावर अवलंबून ठेवलं, हे तिथे बसल्यावर उमगलं. जुना कर्नल कसा निवडायचा, सगळे पर्याय कोणत्या फाइलमध्ये आहेत, हे मग एका कागदावर मराठीत लिहून दिलं. तो कागद आता गल्ल्यात आहे.

दसऱ्याला काकांच्या भाच्याचा फोन आला. “दादा, मशीन चालू होताना एक ओळ येते. मी लिहून घेतलीय. वाचून दाखवू?”

लेखकाने खुर्ची ओढली, पेन घेतलं आणि म्हणाला, “वाच. सावकाश वाच.”