झेंडू, हिरडा आणि अकरा बदकं

घर भाड्याने देताना काकाजींनी एकच अट घातली होती: अंडं त्यांच्या चौकात यायचं नाही. बदकांना मात्र त्यांची ना नव्हती. काकाजी छिपे, म्हणजे ठशांनी कापड छापणारे, आणि जयपूरजवळच्या बगरूचे छिपे स्वतःला नामदेव छिपा म्हणवतात. आम्ही महाराष्ट्रातले म्हटल्यावर ‘नामदेव महाराजांच्या मुलखातले’ एवढ्या नात्यावर त्यांनी मागची पडीक जागा आणि एक जुना हौद वापरायला दिला. आमच्या अलिबागपासून नामदेवांचं पंढरपूर किती लांब, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

माझी अकरा बदकं खाकी कॅम्पबेल जातीची. ही मूळची इंग्लंडची जात भरात असताना वर्षाला 300च्या घरात अंडी देते. पहिली दोन वर्षं पहाटे टॉर्च घेऊन गेलं की भुसकटात नऊ-दहा अंडी ठरलेली. तिसऱ्या वर्षी आकडा सहावर आला. त्याचं काही नाही, वय झालं. पण जी अंडी यायची ती आकाराने मोठी आणि कवचाने नाजूक. उचलताना बोटाखाली हलकीच ‘टिक्’ व्हायची आणि केसाएवढी चीर दिसायची. पक्षी म्हातारा होतो तसं अंडं वाढतं, पण कवचासाठीचा चुना वाढत नाही. तेवढ्याच चुन्यात मोठं अंडं मढवायचं, म्हणजे तो पातळच लागणार.

माझं गिऱ्हाईक म्हणजे जयपूरचा एक बंगाली सोनार-कारागीर. दर रविवारी अजमेर रोडच्या बसने तो डबा घेऊन यायचा. चिरलेल्या अंड्यांबद्दल तो कधी बोलला नाही, पण एकदा म्हणाला, ‘‘भाभी, कुसुम फीका है.’’ बंगालीत बलकाला कुसुम म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. आपल्याकडे कुसुंबा म्हणजे करडईच्या फुलाचा रंग. रंगाऱ्यांच्या गावात बसून बलक फिका, हे मला फार लागलं.

दोष बाजरीचा होता. इकडे मक्यापेक्षा बाजरी सहज मिळते, म्हणून मी तीच भरडून घालत होते. खाण्याला ती उत्तम, पण पिवळ्या मक्यात जो रंग असतो तो तिच्यात जवळजवळ नाही. बदक बलकाचा रंग स्वतः तयार करत नाही, तो खाण्यातूनच यावा लागतो.

मी आधी हळद घातली. आपला सगळ्यावरचा उपाय तोच. पंधरा दिवस आंबोणात हळद कालवली. बदकांच्या चोची पिवळ्या झाल्या, माझे हात पिवळे झाले, बलक होता तसाच राहिला. काकाजी हसून म्हणाले, ‘‘हल्दी तो कपड़े पर भी कच्ची है.’’

मग बडी चौपडजवळच्या फुलवाल्यांकडून उरलेल्या झेंडूच्या माळा आणल्या. दोरे एकेक करून काढले, कारण दोरा बदकाच्या घशात गेला तर पुढचं सगळं अवघड. पाकळ्या सावलीत वाळवल्या आणि चुरून मोहरीच्या तेलाच्या थेंबांसह ओल्या आंबोणात मिसळल्या. झेंडूतला पिवळा रंग, ल्युटिन, तेलात विरघळणारा असतो. आंबोण ओलंच हवं. कोरडं पीठ चोचीत चिकटून बसतं आणि बदक दर घासाला हौदाकडे पळतं. बलक थरावर थर चढत भरतो, म्हणून पहिला आठवडा काहीच दिसलं नाही. दहाव्या दिवशी कढईत फोडलेलं अंडं बघून मी नवऱ्याला झोपेतून उठवलं.

यशाने डोकं फिरतं. कुठेतरी वाचलं होतं की वयस्क पक्ष्यांना डाळिंबाची साल चांगली. काकाजींच्या कारखान्यात तर साल आणि हिरडा पोत्यांनी पडलेला. मी दोन्ही कुटून घातलं, तेही सढळ हाताने. तिसऱ्या दिवशी बदकांनी भांड्याकडे पाठ फिरवली. आठवड्याभरात सहाची तीन अंडी झाली. काकाजींना सांगितलं तर त्यांनी मला हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवलेलं कापड दाखवलं. हिरड्यातला तुरटपणा सुताला घट्ट धरतो आणि पुढच्या रंगाला जागा करून देतो. म्हणून छपाईच्या आधी कापड हिरड्यातून काढतात. तोच तुरटपणा पोटात गेला की खाण्यातल्या प्रथिनांना धरून बसतो आणि पचू देत नाही. हे दुसरं वाक्य माझं, काकाजींचं नव्हे. ते एवढंच म्हणाले, ‘‘ये पेट की चीज़ नहीं है, कपड़े की है.’’

कवचाचं काय? शेवग्याच्या पाल्यात चुना भरपूर, असं सगळेच सांगतात. मी वहीवर हिशोब मांडला. 70 ग्रॅमच्या अंड्याचं कवच सुमारे 7 ग्रॅम, त्यात कॅल्शियम अडीच ग्रॅमच्या आसपास. वाळलेल्या शेवग्याच्या पाल्यात 100 ग्रॅममागे साधारण 2 ग्रॅम. पोटात गेलेलं निम्मंच अंगी लागतं असं धरलं, तर एका अंड्यासाठी पाव किलो वाळका पाला झाला. बदकाचं दिवसाचं सगळं खाणंच त्याहून कमी. शेवगा मी मूठभर ठेवला, पण चुना म्हणून नाही, पाला म्हणून.

चुना शेवटी माहेराहून आला. दिवाळीत अलिबागला गेले तेव्हा आईने वर्षभराच्या तिसऱ्यांच्या शिंपल्या धुऊन, वाळवून गोणीत भरून ठेवल्या होत्या. त्या खलबत्त्यात फोडल्या, पीठ नाही केलं, तुरीच्या डाळीएवढे तुकडे ठेवले. कवच रात्री चढतं. संध्याकाळी खाल्लेला जाड तुकडा पेषणीत अडकून रात्रभर थोडाथोडा विरघळत राहतो. पीठ लवकर पुढे निघून जातं. महिन्याभरात ‘टिक्’ जवळजवळ थांबली.

पुढच्या मे महिन्यात ती परत आली. 44 अंशांत बदकं चोच उघडी ठेवून धापा टाकतात. त्या धापांत कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कवचाला लागणारा कार्बोनेट रक्तात कमी पडतो. त्याला ना पाला ना शिंपला. हौदावर गोणपाट बांधलं, दुपारी दोनदा पाणी बदललं, आणि जूनची वाट पाहिली. अंड्यातलं पांढरं पाण्यासारखं पातळ पसरायचं, तेही तसंच राहिलं. त्यावर मला काही सापडलं नाही.

पावसाळ्यात एकदा मागच्या अंगणात चुलीवर अंडं तळत होते. काकाजी कापडाचं बोचकं घेऊन जाताना कुंपणापलीकडे थांबले. आयुष्यात त्यांनी अंडं फुटलेलं पाहिलं नसावं. लांबूनच मान वाकवून, ठशाची छपाई तपासतात तसे डोळे बारीक करून त्यांनी कढईत पाहिलं.

‘‘केसरिया हो गया,’’ ते म्हणाले. ‘‘बसंती तक ठीक था. एक हाथ ज़्यादा पड़ा है.’’

दुसऱ्या दिवसापासून मी पाकळ्या निम्म्या केल्या.